अंधाऱ्या बिळातला मेंदू, आणि आणखी दोन प्रश्न

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. 'एक इंद्रिय गेले की देव दुसरे दुप्पट करून देतो' असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. जमिनीखाली राहणाऱ्या, जवळजवळ आंधळ्या सस्तन प्राण्यांच्या बाबतीत विज्ञानाला हे मान्य आहे का? आणि त्यांच्या मेंदूतली दृष्टीची जागा रिकामीच राहते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या पत्रात खरे तर दोन वेगळे प्रश्न आहेत. रिकाम्या जागेचा आधी घेतो, कारण त्याचे उत्तर सरळ आहे : मेंदूत जागा रिकामी राहत नाही. इस्राएल आणि त्याच्या शेजारच्या प्रदेशांत स्पॅलॅक्स नावाचा, सारे आयुष्य बिळात काढणारा, उंदरांच्या गोतातला एक प्राणी आहे. त्याचे डोळे एक मिलिमीटरहूनही लहान असतात आणि त्यांच्यावर कातडी व केसांचे कायमचे आवरण असते, त्यामुळे आकृती म्हणावी असे त्याला काहीही दिसत नाही. त्याच्या मेंदूच्या मागच्या भागात, जिथे इतर उंदरांत दृष्टीचे क्षेत्र असते, तो भाग आवाजाने जागा होतो असे १९९१ मध्ये जर्मन आणि इस्राएली शास्त्रज्ञांनी दाखवले. माणसाचेही तसेच आहे. लहानपणापासून अंध असलेली व्यक्ती बोटांनी ब्रेल वाचत असताना तिच्या मेंदूतले दृष्टीचे क्षेत्र कामाला लागते, हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या चित्रणांतून स्पष्ट झाले. मात्र स्पॅलॅक्सचा डोळा अगदीच निरुपयोगी समजू नये. दिवस आणि रात्र यांचे भान ठेवणाऱ्या मेंदूतल्या घड्याळाकडे जाणारी त्याची वाट शाबूत आहे, आणि ते घड्याळ हा डोळा आजही लावून देतो.

आता भरपाईचा प्रश्न. अंध माणसाच्या मेंदूत जो बदल होतो तो एका आयुष्यातला असतो, आणि तिथे 'भरपाई' हा शब्द चालण्यासारखा आहे. प्राण्यांच्या जातींत लाखो वर्षांत जे घडते त्याला तो शब्द लावणे मला पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला उत्तर अमेरिकेतल्या एका प्राण्याकडे जावे लागेल.

कॅनडाचा पूर्व भाग आणि संयुक्त संस्थानांचा ईशान्य भाग इथल्या दलदलीत स्टार-नोज्ड मोल राहतो. मराठीत त्याला नाव नाही. आपण त्याला चांदणीनाक्या म्हणू. त्याचे डोळेही बारीक आणि जवळजवळ निकामी असतात. मोल म्हणजे बिळे खणणारे छोटे प्राणी, पण ते उंदीर नव्हेत. आपल्या घरात येणारी चिचुंद्री ही त्यांची दूरची नातलग. या प्राण्याच्या नाकपुड्यांभोवती गुलाबी, मांसल अशी २२ बोटे असतात, प्रत्येक बाजूला ११, आणि ती पसरली की सुमारे एक सेंटिमीटर व्यासाची चांदणी होते. एवढ्याशा जागेत आयमर इंद्रिये नावाचे २५,००० हून अधिक सूक्ष्म उंचवटे असतात. (थेओडोर आयमर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने ती १८७१ मध्ये युरोपीय मोलच्या नाकावर प्रथम वर्णिली होती.) त्यांतून मेंदूकडे एक लाखाहून अधिक मज्जातंतू जातात. माणसाच्या अख्ख्या पंजातून स्पर्शाची खबर नेणारे तंतू सुमारे १७,००० आहेत, यावरून काय ते समजावे. चांदणी नाकावर असली तरी तिचा वासाशी संबंध नाही; ती निव्वळ स्पर्शाची आहे.

टेनेसीतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या केनेथ कटेनिया यांनी या प्राण्याचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. मेंदूचा बाह्यस्तर पोळीसारखा सपाट करून, त्याचे पातळ काप घेऊन, पेशींच्या कामाच्या वेगाप्रमाणे गडद-फिका रंग पकडणाऱ्या द्रव्याने ते रंगवले, तेव्हा त्या कापांवर ११ पट्टे उमटलेले दिसले. चांदणीच्या विरुद्ध बाजूच्या ११ बोटांचा तो नकाशा होता, आणि असा नकाशा एक नव्हे, तीन होते. त्यात एक गोष्ट चमत्कारिक होती. तोंडाजवळचे अकरावे बोट सर्वांत आखूड बोटांपैकी एक, त्याच्यावर आयमर इंद्रियेही मोजकीच. पण चांदणीच्या मुख्य नकाशाचा सुमारे चौथा हिस्सा त्या एकट्या बोटाने व्यापलेला होता. प्राण्याचे वागणे पाहिल्यावर याचा उलगडा होतो. चांदणी सेकंदाला दहाबारा वेळा जमिनीला टेकत पुढे सरकत असते; बाहेरच्या एखाद्या बोटाला काही लागले की नाक झटकन असे वळते की पुढचा स्पर्श अकराव्या बोटाचाच व्हावा. आपण वाचताना नेमके हेच डोळ्यांनी करतो. कडेला काही हलले की नजर वळवून त्याची प्रतिमा दृष्टिपटलावरच्या पीतबिंदूवर, म्हणजे सर्वांत स्पष्ट दिसते त्या जागी, आणतो, आणि आपल्याही मेंदूत त्या टाचणीएवढ्या जागेला भरमसाट क्षेत्र दिलेले असते. डोळ्याची ही युक्ती या प्राण्याने कातडीवर वापरली आहे.

असे असले तरी हे सारे दृष्टी गेल्यामुळे घडले असे म्हणता येत नाही. अमेरिकेच्या पूर्व भागातच ईस्टर्न मोल नावाचा त्याचा नातलग कोरड्या, खरखरीत मातीत राहतो. त्याचे डोळे तर कातडीखालीच गेलेले आहेत, चांदणीनाक्याहूनही निकामी. पण त्याच्या नाकावर चांदणी नाही आणि आयमर इंद्रियेही नाहीत. आंधळेपणाची भरपाई हाच नियम असता तर चांदणी यालाच मिळायला हवी होती. फरक मातीचा आणि अन्नाचा आहे. आयमर इंद्रियांवरची कातडी फार पातळ असते, ती रेताड मातीत घासली जाईल, चिखलात टिकेल. शिवाय दलदलीत बारीकसारीक किडे आणि अळ्या विपुल असतात. एका अळीतून मिळणारी ऊर्जा इतकी कमी की तिला शोधायला आणि खायला वेळ लागला तर तो व्यवहार तोट्याचा ठरतो. वेग असेल तरच परवडतो. कटेनिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००५ मध्ये मोजले तेव्हा सावज ओळखून गिळेपर्यंत या प्राण्याला सरासरी २३० मिलिसेकंद, आणि सर्वांत जलद प्रसंगी १२० मिलिसेकंद लागले. आपली पापणी लवून पुन्हा उघडते तेवढ्यात त्याचा घास संपलेला असतो. मेंदूतली जागा कोणाला किती, हे अवयवाच्या आकारावरून ठरत नाही; त्याच्यावर पोट किती अवलंबून आहे यावर ठरते. केनिया, इथिओपिया आणि सोमालिया इथल्या नेकेड मोल रॅटच्या (हा मात्र मोल नव्हे, उंदरांच्या गोतातला) मेंदूत स्पर्शाच्या क्षेत्राचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पुढच्या चार दातांसाठी आहे, कारण तो माती खणतो ती दातांनी.

प्रश्न : प्लॅटिपस पाण्यात डोळे मिटून शिकार करतो आणि त्याच्या चोचीला वीज कळते, असे वाचले. म्हणजे त्याला शॉक बसतो का?
– एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : शॉक बसत नाही. कोणताही स्नायू आकुंचन पावला की अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो, आणि पाणी तो थोड्या अंतरापर्यंत पोचवते. झिंग्याने शेपूट झटकली की असाच क्षीण इशारा पसरतो आणि प्लॅटिपसची चोच तो टिपते. ऑस्ट्रेलियाचा हा अंडी घालणारा सस्तन प्राणी बुडी मारताना डोळे, कान आणि नाकपुड्या बंद करतो. मग उरते ती चोच. ती बदकासारखी टणक नसून मऊ, रबरासारख्या कातडीची असते. तिच्यावर विद्युत-संवेदी ग्रंथी सुमारे ४०,००० आणि स्पर्श टिपणाऱ्या दांडीसारख्या सूक्ष्म रचना सुमारे ६०,००० असतात. १७९९ मध्ये जॉर्ज शॉ यांनी लंडनमध्ये या प्राण्याचे वर्णन केले तेव्हा कोणीतरी बदकाची चोच शिवून फसवणूक केली असावी अशी त्यांनाही शंका आली होती. त्या चोचीचे खरे काम कळायला १९८६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी हेनिंग शाईश आणि सहकाऱ्यांनी पाण्यात ठेवलेल्या छोट्या बॅटऱ्यांकडे प्लॅटिपस जातो हे दाखवून दिले. (वर सांगितलेल्या स्पॅलॅक्सच्या १९९१ च्या कामातही हेच शाईश होते.)

मासे वीज ओळखतात हे आधीपासून ठाऊक होते, म्हणून प्लॅटिपसने ती शक्ती माशांकडून वारशाने घेतली असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. माशांत ही खबर अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या पार्श्वरेखेच्या चेतासंस्थेतून मेंदूकडे जाते. प्लॅटिपसमध्ये ती चेहऱ्याच्या स्पर्शाच्या, म्हणजे आपल्याला दाढदुखी कळवणाऱ्या, त्रिशाखी मज्जातंतूतून जाते. दोघांनी हे कौशल्य स्वतंत्रपणे मिळवले आहे. मेंदूतही दोन्ही संवेदना शेजारीशेजारी आहेत : चोचीच्या क्षेत्रात नुसत्या स्पर्शाचे पट्टे आणि स्पर्श व वीज दोन्हींना प्रतिसाद देणारे पट्टे आलटून पालटून येतात. पावसाळ्यात वीज दिसल्यानंतर गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या वेळेवरून आपण ढगाचे अंतर ताडतो. झिंग्याचा विद्युत इशारा आणि त्यामागून येणारी पाण्याची लाट यांतल्या फरकावरून प्लॅटिपस सावजाचे अंतर ओळखत असावा, असा तर्क या रचनेवरून केला गेला आहे. तो अजून तर्कच आहे.

प्रश्न : आमच्या घरात चिचुंद्री येते आणि नेहमी भिंतीच्या कडेने पळते. ती आंधळी असते का? उंदराचे औषध ठेवावे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आंधळी नसते. तिचे डोळे बारीक असले तरी काम देतात, पण तिचा भरवसा नाकावर आणि लांब सोंडेवरच्या मिश्यांवर असतो. भिंतीला मिशी लावून चालले की अंधारातही वाट चुकत नाही. पावसाळ्यात कधी आईमागे पिल्लांची रांग दिसली तर नीट पाहा : प्रत्येक पिल्लू पुढच्याच्या शेपटीच्या बुडाशी तोंडाने धरून चाललेले असते, ही आगगाडीसुद्धा स्पर्शावरच चालते. औषध ठेवू नये. ती उंदीर नाही, झुरळे आणि किडे खाते. उघडे अन्न झाकून ठेवा, आणि तिला बाहेर काढायचे असेल तर खोलीच्या मधून हाकलण्याचा खटाटोप न करता तिच्या भिंतीच्या टोकाचे दार तेवढे उघडे ठेवा.