मौलाना वहिदुद्दीन खान नेमके कोण होते? त्यांच्याबद्दल मुसलमानांमध्येच एवढे मतभेद का आहेत?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर १९६३ सालात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

त्या साली या इस्लामी विद्वानांचं 'ताबीर की गलती' (अर्थ लावण्यातली चूक) हे उर्दू पुस्तक आलं. त्याआधी पंधराएक वर्षं ते जमात-ए-इस्लामी या संघटनेत होते, तेही जबाबदारीच्या जागांवर. जमातचे संस्थापक मौलाना मौदूदी यांची मांडणी अशी, की इस्लाम ही संपूर्ण जीवनव्यवस्था आहे आणि राज्यकारभारासकट ती उभी करणं हे मुसलमानाचं कर्तव्य. वहिदुद्दीन खान यांचं म्हणणं पडलं, की इथे मूळ बाजूला राहून फांदीच मूळ ठरली आहे. कुराण माणसाला आधी अल्लाहसमोर उभं करतं. सत्ता मिळाली तर मिळाली, ती धर्माचं ध्येय नव्हे. हे आक्षेप त्यांनी आधी जमातच्या ज्येष्ठांना आणि खुद्द मौदूदींना लिहून कळवले, आणि तो पत्रव्यवहारही पुस्तकात छापला. भारतात अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या माझ्यासारख्याला यातून मोठा दिलासा मिळतो: राज्य आपलं नसलं म्हणून आपला धर्म अर्धवट राहत नाही.

मौलानांचा जन्म १९२५चा, उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातला. वडील लहानपणीच गेले. शिक्षण सरायमीरच्या मदरसतुल इस्लाहमध्ये. तिथे अमीन अहसन इस्लाही शिकवायला होते. 'उंट कसा घडवला आहे, हे ते पाहत नाहीत का?' ही कुराणातली आयत (वचन) शिकवताना त्यांनी वर्गाला विचारलं, उंटाचा खूर फाटलेला असतो की अखंड? कुणालाच छातीठोक सांगता येईना. आपल्याला माहीत नाही हे ओळखणं ही ज्ञानाची सुरुवात, हा धडा मौलाना पुढे आयुष्यभर सांगत राहिले. मदरशातून बाहेर पडल्यावर ते स्वतःच इंग्रजी शिकले आणि विज्ञान, तत्त्वज्ञान वाचत बसले. त्यातून १९६६ साली 'मजहब और जदीद चॅलेंज' (धर्म आणि आधुनिक आव्हान) हे पुस्तक आलं. त्याचा अरबी अनुवाद अरब देशांत खूप वाचला गेला.

१९७६ साली त्यांनी दिल्लीहून 'अल-रिसाला' हे मासिक सुरू केलं. आमच्या मिरजेच्या घरी ते यायचं. छोटे छोटे लेख, बरेचसे पानभराचे. अब्बा उर्दूत वाचायचे आणि आम्हाला मराठीत सांगायचे. त्यात पैगंबर आणि मक्केवाले यांच्यातला हुदैबियाचा तह सारखा यायचा. इसवी सन ६२८मध्ये मक्केवाल्यांनी तहाच्या मसुद्यातल्या 'अल्लाहचे प्रेषित' या शब्दांना हरकत घेतली. तह लिहिणाऱ्या हजरत अलींना ते शब्द खोडवेनात, तेव्हा पैगंबरांनी स्वतः ते पुसले आणि नुसतं 'अब्दुल्लाहचे पुत्र मुहम्मद' असं लिहू दिलं. तह दहा वर्षांचा ठरला. मौलानांचं सगळं राजकारण, खरं तर राजकारण टाळणं, याच प्रसंगावर उभं आहे: मानापमान सोडा, शांतता मिळवा, त्या शांततेत शिका आणि उभे राहा.

बाबरी पाडल्यानंतर ते जैन आचार्य सुशील मुनी आणि स्वामी चिदानंद यांच्यासोबत शांतियात्रेत मुंबईहून नागपूरपर्यंत गेले, वाटेत ठिकठिकाणी बोलले. मुसलमानांनी बाबरीचा आग्रह सोडावा आणि हिंदूंनी पुढे दुसऱ्या मशिदींचा वाद काढू नये, असं ते उघड म्हणाले. तिथे मात्र अनेकांची मनं त्यांच्यापासून तुटली.

२००९च्या गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली. ती उठल्यावर अब्बा गल्लीतल्या पोरांना हुदैबिया सांगत होते. हातगाडी जळालेल्या एकाने विचारलं, "चाचा, तहाला समोरचाही लागतो ना?" अब्बा गप्प झाले. मला वाटतं, मौलानांच्या लिखाणातही या प्रश्नाचं पुरेसं उत्तर नाही. सबर करा, स्वतःची प्रतिक्रिया ताब्यात ठेवा, हे पटतं. त्यामुळे पुढची दंगल टळूही शकते. पण ज्याचं नुकसान झालं त्याच्या न्यायाचं काय, यावर ते फार लवकर पुढे सरकतात. सत्ताधाऱ्यांच्या जवळचे, हा आरोपही यातूनच चिकटला.

तरी धर्म आणि सत्ता यांची त्यांनी केलेली फारकत मला आजही गरजेची वाटते. २०००मध्ये पद्मभूषण, २०२१मध्ये पद्मविभूषण जाहीर झालं आणि त्याच वर्षी २१ एप्रिलला दिल्लीत कोरोनाने ते गेले. पुस्तकं हिंदी-इंग्रजीतही मिळतात. वाचायला घेणार असाल तर सुटे लेख नंतर वाचा, आधी १९६३चा वाद समजून घ्या.