मतदानाची तारीख आणि त्या दिवशी गावाबाहेर असलेली माणसे

मतदानाचा वार, तारीख किंवा तास बदलल्याने टक्केवारी खरोखर वाढते का, आणि अशा बदलामुळे निवडणूक कोणा एका बाजूला झुकू शकते का, असे आपण विचारले आहे. मी सांगली जिल्ह्यात शिक्षक आहे आणि अनेक निवडणुकांत आधी मतदान अधिकारी व नंतर केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे. त्या कामातून माझे मत असे बनले आहे की तासांपेक्षा तारीख महत्त्वाची असते, आणि तारखेमुळे एकूण टक्का किती हलला हे पाहण्यापेक्षा त्या दिवशी नेमके कोण घरी नव्हते हे पाहणे अधिक उपयोगाचे असते.

२०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते आणि त्या वर्षीचा ऊस गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे सरकारने ठरवले होते. माझे केंद्र वाळवा तालुक्यातील एका गावच्या शाळेत होते. कुंपणापलीकडच्या शेतात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडल्या होत्या. अकराच्या सुमारास त्यांतल्या दोन बायका घागरी घेऊन शाळेच्या नळावर आल्या आणि रांगेकडे पाहून एकीने फाटकावरच्या पोलिसाला विचारले, "आमाला हितं मत देता येत न्हाई का, दादा?" त्यांची नावे बीड जिल्ह्यातील यादीत होती, त्यामुळे उत्तर नाही असेच होते. पाणी भरून त्या फडाकडे परत गेल्या.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब नुसार मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी लागते. परंतु ज्याने मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली आहे आणि ज्याचा हिशेब तोडलेल्या उसाच्या टनावर होतो, त्याला ही सुट्टी कोणी आणि कशी द्यायची? बीडला जाऊन यायचे म्हणजे दोन दिवसांची तोड बुडाली आणि गाडीभाडे वेगळेच. आपल्याच जिल्ह्यातील जत आणि आटपाडीचे मजूरही हंगामात घर सोडून तोडीला जातात, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला मजूर येतात आणि दुसऱ्या टोकाहून निघून जातात. निवडणूक कामावरील आम्हा कर्मचाऱ्यांना टपाली मतपत्रिका किंवा, जिथे काम असेल त्याच केंद्रावर मत देता यावे म्हणून, निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळते, २०२४ पासून ८५ वर्षांवरील मतदारांच्या घरी जाऊनही मत घेतले जाते; हंगामी मजुरासाठी मात्र अशी कोणतीही सोय नाही. माझ्या मते निष्पक्षतेचा पहिला प्रश्न येथे आहे, कारण येथे एका संपूर्ण कष्टकरी वर्गाचे मत केवळ तारखेमुळे हुकते.

लोकसभेला याच्या उलट चित्र दिसते. ७ मे २०२४ रोजी सातारा आणि सांगली येथे मतदान झाले, तेव्हा गाळप संपून मजूर आपापल्या गावी पोहोचले होते, तर गावोगावच्या यात्रांच्या आणि शाळेच्या सुट्टीच्या निमित्ताने मुंबईकर मंडळी इकडे आलेली होती. तरीही राज्याची टक्केवारी लोकसभेला ६१ च्या आसपास राहिली आणि नोव्हेंबरमध्ये ती ६६.०५ वर गेली. म्हणून तारीख बदलली की टक्का वाढतो, असे सरळ गणित मांडू नये. उमेदवार किती जवळचा आहे, चुरस किती आहे आणि गाड्या काढून मतदार आणणारे कार्यकर्ते किती आहेत, यांचा जोर तारखेपेक्षा पुष्कळदा मोठा असतो.

मुंबईकरांचा उल्लेख केला तो मुद्दाम. पाटण, जावळी, कोरेगाव या भागांतील हजारो माणसे मुंबई आणि नवी मुंबईत माथाडी, म्हणजे ओझी वाहण्याचे, काम करतात आणि कित्येकांचा जीव अजूनही गावच्या यादीत अडकलेला असतो. २०१४ च्या लोकसभेला साताऱ्याचे मतदान १७ एप्रिलला आणि मुंबईचे २४ एप्रिलला होते. त्या मार्च महिन्यात नवी मुंबईतील माथाडी कामगारांच्या मेळाव्यात शरद पवार यांनी, मागच्या वेळी दोन्हीकडचे मतदान एकाच दिवशी असल्याने सगळे गावी गेले, या वेळी तारखा वेगळ्या आहेत, तेव्हा तिकडे मत देऊन शाई पुसून इकडेही मत द्या, अशा आशयाचे विधान केले. नंतर आपण ते गमतीने बोललो होतो असा खुलासा त्यांनी केला आणि निवडणूक आयोगाने नाराजी नोंदवली. गंमत असो वा नसो, त्या एका वाक्यात टप्प्यांच्या मतदानाची दुखरी जागा उघडी पडली. एका व्यक्तीचे नाव दोन मतदारसंघांत असणे आणि दोनदा मत देणे या दोन्ही गोष्टींना कायद्याने मनाई आहे. पण दोन याद्यांत नाव राहून गेलेले असेल आणि मध्ये आठवडा असेल, तर अडवणारी गोष्ट म्हणजे फक्त बोटावरची शाई. एकाच दिवशी मतदान ठेवले की ही वाट जवळपास बंद होते, मात्र मुंबईतल्या माणसाला रात्रीचा प्रवास करून गाव गाठावे लागते. या दोहोंत मी एकाच दिवसाच्या बाजूने आहे, आणि त्यामुळे टक्का थोडा घसरला तरी मला चालेल.

वाराबद्दल थोडक्यात सांगतो. २०२४ च्या विधानसभेसाठी बुधवार निवडताना शहरी मतदाराने जोडून सुट्टी घेऊन फिरायला जाऊ नये असा विचार केल्याचे आयोगाने स्वतःच सांगितले होते. सणवारासाठीही तारखा हलतात. २०२२ मध्ये पंजाबचे मतदान गुरू रविदास जयंतीमुळे १४ वरून २० फेब्रुवारीला गेले आणि २०२३ मध्ये राजस्थानचे देवउठनी एकादशीच्या लग्नसराईमुळे २३ वरून २५ नोव्हेंबरला गेले. लग्नासाठी तारीख हलू शकते तर तोडीसाठी का नाही, हा प्रश्न मला त्या नळाजवळच्या प्रसंगापासून छळतो आहे.

आता तासांकडे वळू. कायद्याने मतदानाला किमान आठ तास द्यावे लागतात. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला सकाळी ७ ते सायंकाळी ६ असे अकरा तास मिळतात, तर गडचिरोलीत सुरक्षेच्या कारणाने दुपारी ३ वाजताच मतदान थांबवतात. मे महिन्यात आमच्या केंद्रांवर दहापर्यंत झुंबड असते, एक ते तीन आम्ही पंख्याखाली बसून असतो आणि चारनंतर पुन्हा रांग लागते. सहा वाजता केंद्राध्यक्ष बाहेर येतो आणि रांगेतील शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे क्रमांक घातलेल्या, सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतो, म्हणजे नंतर आलेला कोणी मागे उभा राहू शकत नाही. चिठ्ठी हातात असलेला प्रत्येक जण मत देतो, मग रात्रीचे आठ का वाजेनात. मत कोणाला गेले ते दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेत छापील कागद सात सेकंद दिसतो, सही, शाई आणि यादीतील नाव शोधणे यांत आणखी वेळ जातो, त्यामुळे शंभर माणसांची रांग सहज तासभर पुरते.

२० नोव्हेंबरला ५ वाजता ५८.२२ टक्के असलेला आकडा अखेरीस ६६.०५ झाला, तेव्हा यावरून मोठा वाद झाला आणि सहानंतरच्या मतदानाविरुद्ध उच्च न्यायालयात गेलेली याचिका जून २०२५ मध्ये फेटाळली गेली. पाच वाजेपर्यंतचा आकडा फोनवरून सांगितलेला, घाईचा असतो आणि खरा हिशेब नमुना १७ क मध्ये, म्हणजे केंद्रावर झालेल्या मतांची नोंद असलेल्या कागदात, असतो, हे माझ्यासारख्याला ठाऊक असते. तरीही लोकांना शंका आली यात मला वावगे वाटत नाही, कारण सहा वाजता केंद्रावर किती चिठ्ठ्या वाटल्या हा आकडा त्याच रात्री केंद्रनिहाय जाहीर केला असता तर बरेचसे बोलणे तिथेच थांबले असते.

मतमोजणीची वेळही आपल्या प्रश्नात येते, आणि तिचे ताजे उदाहरण सातारा जिल्ह्यातलेच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांचे मतदान २ तारखेला झाले, पण उमेदवारी अर्जांवरील अपिलांचे निर्णय उशिरा लागल्याने फलटण आणि महाबळेश्वरसह काही ठिकाणचे मतदान २० तारखेवर गेले. ठरल्याप्रमाणे ३ तारखेला इतरांची मोजणी झाली असती, तर फलटणच्या मतदाराने आजूबाजूच्या गावांत कोणाची लाट आहे हे पाहून मत दिले असते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्व ठिकाणची मोजणी २१ डिसेंबरला एकत्र करण्याचा आदेश दिला. मला तो योग्य वाटला, जरी त्यापायी मतदान झालेली यंत्रे एकोणीस दिवस कुलपात राहिली आणि तेवढ्या रात्री उमेदवारांची माणसे थंडीत शेकोटी करून गोदामाबाहेर बसली.