अल्कोहोल मार्करवर सॅनिटायझर टाकलं तर रंग पसरत नाही, कार्ड नुसतं चिकट होतं. गणपतीसाठी हॅन्डमेड कार्ड करायची आहेत, काय चुकतंय?

सॅनिटायझर आधी बाजूला ठेवा. त्यात घट्टपणा आणणारं जेल असतं, वर हात कोरडे पडू नयेत म्हणून बहुतेकात ग्लिसरीन, ते काही उडून जात नाही, म्हणून चिकटतंय. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा. ७० टक्केवालं चालतं, पण उरलेलं पाणी असतं त्यामुळे वाळायला वेळ लागतो आणि पातळ कागद फुगतो, ९९ टक्के मिळालं तर तेच घ्या.

पण खरी गोम कागदात आहे. साधा कार्डशीट शाई पिऊन टाकतो, मग वरून कितीही थेंब सोडा, आत मुरलेला रंग हलणार कुठून? या मार्करमधला रंग वाळला तरी अल्कोहोल पडलं की परत विरघळतो, फक्त तो वरच्यावर राहायला हवा. म्हणून गुळगुळीत ग्लॉसी आर्ट कार्ड घ्या. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये कापून उरलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात, गोड बोलून मागितल्या तर देतात. महागडा मार्कर सेट घ्यायच्या भानगडीत तर पडूच नका, पाचसहा रंग पुष्कळ झाले.

निळा, हिरवा, मोरपिशी असे जवळजवळचे रंग पट्टीवर जाड फासा आणि ड्रॉपरने एकच थेंब सोडा. थेंब पडला की मधला रंग बाजूला सरकतो, फिकट गोल उघडतो आणि कडेला गडद रेघ जमते. तो पूर्ण वाळू द्या, मग त्याच्याच आत दुसरा छोटा थेंब, की गोलात गोल. तारकर्लीचं पाणी करायचं असेल तर यापेक्षा सोपं काही नाही. भगवा आणि निळा मात्र शेजारी नको, चिखल होतो.

आता आमच्याकडचा म्हणजे वेंगुर्ल्याचा प्रॉब्लेम. श्रावण-भाद्रपदात हवाच ओली, अल्कोहोल उडताना कागद गार पडतो, त्यावर दमट हवेतलं बाष्प बसतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. कोरड्या दिवशी दुपारी करा, कागद घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि बाटलीचं बूचही लगेच लावा, ९९ टक्केवालं हवेतलं पाणी ओढून घेतं.

खिडक्या उघड्या हव्यात. आणि समई, अगरबत्ती, गॅस चालू असलेल्या खोलीत अजिबात नको, हे पटकन पेट घेतं, ओल्या कार्डावर हेअर ड्रायरही मारू नका.

शुभेच्छा वेगळ्या साध्या कागदावर लिहून चिकटवा. झेरॉक्स काढलेल्या मजकुरावर मार्कर फिरवला तरी सहसा चालतं, झेरॉक्सची काळी पावडर म्हणजे टोनर अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. घरी लावायचं असेल तर पडवीतल्या उन्हात नको, हा रंग उजेडाने विटतो. पोस्टाने पाठवणार असाल तर पाकिटात घालायच्या आधी रात्रभर उघडं ठेवा, वास जातो.