स्कॅनरवर रेल प्रेशर कमी दाखवतंय, गॅरेजवाला पंप बदला म्हणतोय, बदलू का?

नका बदलू. निदान या आठवड्यात तरी नका.

तुम्ही लिहिलंय की रिकामी पिकअप मस्त पळते, माल भरून चढाला लागली की दम टाकते, चेक लाइट पेटते आणि कोड येतो पी ००८७. मोबाइलच्या डोंगलवर (गाडीच्या सॉकेटला लावायचं, मोबाइलवर आकडे दाखवणारं यंत्र) आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, रेल प्रेशर २८,००० दिसतं, शेजारच्या रकान्यात 'फ्युएल प्रेशर' शून्य. यातलं खरं कोणतं, किती असायला हवं, आणि गॅरेजवाला मशीन लावून पंप गेला म्हणतोय ते बरोबर का, असे तुमचे तीन प्रश्न. वाचून जेवण अर्धं टाकून लिहायला बसलोय, कारण 'मशीन सांगतंय पंप गेला' हे वाक्य मला २०१९ साली सव्वीस हजारांना पडलंय.

आकड्यांचं आधी उरकतो. रेल म्हणजे पंप दाबाने डिझेल भरतो ती नळी, तिथून ते इंजिनात फवारणाऱ्या सगळ्या नोझलना जातं. २८,००० हे किलोपास्कल आहेत. शंभराने भागा, २८० बार. कॉमन रेलचं गरम इंजिन आयडलला अडीचशे ते साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे तुमचं ठीक आहे. शेजारचं शून्य विसरून जा. तो रकाना ७६५ किलोपास्कलच्या वर मोजतच नाही, तो साध्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. तुमच्या गाडीत तिथे उत्तर द्यायला कुणी नाही. रेलचा रकाना वेगळा. आणि स्वस्तातलं ईएलएम ३२७ डोंगल सेकंदाला एखाद-दोनच आकडे देतं. वळणावर प्रेशर क्षणभर कोसळून परत वर आलं तर त्याला पत्ता लागत नाही.

पण आयडलचा आकडा बघून काय कळणार? आयडलला इंजिन चहा पितं, घाटात घागर तोंडाला लावतं. बघायचे ते दोन आकडे, एकाच वेळी, माल भरून, चढावर: इंजिनाने मागितलं किती आणि मिळालं किती. मागितलेलं प्रेशर स्वस्त ॲपवर बहुधा दिसत नाही, त्याला गॅरेजचं मशीन लागतं. गॅरेजवाल्याला मशीन घेऊन शेजारी बसवा आणि घाट चढा. तो "इथेच रेस देऊन बघतो" म्हणाला तर दुसरं गॅरेज बघा.

आता माझं ऐका.

एप्रिल २०१९, हापूसचा ऐन हंगाम. गाडी माझी आणि चुलत भावाची, अर्धी-अर्धी. तो मोठा, मी त्याला दादा म्हणतो. पावसजवळून साठ पेट्या भरल्या आणि रात्री निघालो. पहाटे सौद्याच्या आधी कोल्हापूरला शाहू मार्केट यार्डात लागायचं होतं. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, इथवर तक्रार नाही. आंबा घाट लागला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला गाडी मेली. बंद नाही पडली, नुसता जीव गेला. पाय तळाला, गिअर दुसरा, आणि काटा अडीच हजाराच्या वर जाईना. चेक लाइट पेटलेली. कडेला घेतली, मी उतरून मागच्या चाकाला दगड लावला. दादा बॉनेट उघडून मोबाइलच्या उजेडात आत बघत उभा. काय बघत होता देव जाणे.

दहा मिनिटांनी चावी फिरवली तर गाडी एकदम शहाणी. दीड-दोन किलोमीटर गेली, पुन्हा तेच. असे पाच दगड लावले मी त्या रात्री. पाचवा इतका लहान होता की गाडी त्याच्यावरून मागे सरकली आणि मी ओरडलो, ते दादा अजून पोरांना नक्कल करून दाखवतो. यार्डात पोचलो तेव्हा सौदे होऊन गेलेले. पेट्या उरलेल्या भावात गेल्या.

परतताना एका गॅरेजमध्ये गाडी घातली. नाव नको. मशीन लावलं, कोड निघाला पी ००८७, आणि पोरगा पाच मिनिटांत म्हणाला, पंप. या कोडचा अर्थ एवढाच की रेलमध्ये प्रेशर हवं तेवढं होत नाही. का होत नाही ते कोड सांगत नाही. ताप आहे एवढं थर्मामीटर सांगतो. मलेरिया की डेंग्यू ते नाही सांगत. मी म्हटलं, आधी फिल्टर बघू, टाकी बघू. दादा म्हणाला, "मशीन काय खोटं बोलेल? तुला जास्त कळतंय का?" मोठा भाऊ, चारचौघांत, वर गाडीच्या कागदांवर नाव त्याचं. गप्प बसलो. रिकंडिशन पंप बसला, मजुरीसकट सव्वीस हजार, जुना पंप एक्स्चेंजमध्ये त्यांच्याकडेच. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी फिरवून दाखवली. पळणारच होती! त्याआधीही रिकामी पळतच होती.

सोळाव्या दिवशी तोच घाट, तीच तऱ्हा. फरक एवढाच की दादा या वेळी बॉनेट उघडायला उतरला नाही.

गाडी वळवून कशीबशी खाली साखरप्याला आणली. तिथे एक म्हातारे मिस्त्री होते. मशीन वगैरे काही नाही, दोन पाने आणि कानावर बिडी. त्यांनी एकच विचारलं: "थांबून परत चालू केल्यावर बरी चालते का?" म्हटलं, हो काका, दहा मिनिटं. "मग पंप कसा असेल रे? मेलेला पंप काय दहा मिनिटं झोप काढून उठतो?"

एवढं साधं आम्हा दोघांना सुचलं नव्हतं. त्या गॅरेजलाही नाही, किंवा सुचून गप्प बसले असतील.

काकांनी फिल्टरकडे येणारी टाकीची नळी सोडली, धोतराच्या सोग्याने पुसली, मला म्हणाले, टाकीला कान लाव. आणि नळीत तोंडाने फुंकले. आधी काहीच नाही, त्यांचे गाल नुसते फुगलेले. मग आत एकदम 'भुडुक' झालं आणि पाठोपाठ बुडबुड्यांचा सलग आवाज. "बघ. काहीतरी होतं तोंडाला, सुटलं." नळी लावली, फिल्टरवरचा हातपंप दाबून एअर काढली आणि त्या रात्री गाडी पूर्ण मालासकट एका दमात घाट चढली.

दोन दिवसांनी टाकी उतरवली. आत डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाच्या जाळीजवळ एक चंदेरी चकती निघाली, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, एका कडेला नखाने ओढल्यासारखी फाटलेली. बाटलीच्या झाकणाखाली असतं ते सील. आयडलला पंप थोडंच डिझेल ओढतो, तेव्हा चकती टाकीत कुठेतरी पडून. चढाला ओढ वाढली की ती येऊन जाळीला चिकटणार, रेल उपाशी, कोड, लाइट. इंजिन बंद केलं की ओढ संपली, चकती सुटली, गाडी शहाणी. टाकी अर्ध्याच्या खाली असली की हा खेळ जास्त. पंप बदलताना त्यांनी लाइन सोडली होती तेव्हाही ती सुटून बाजूला गेली असणार, म्हणून पंधरा दिवस बरे गेले.

आता ती बाटली कुणाची? मार्चमध्ये दादाने डिझेल भरताना पंपावरच्या पोराचं ऐकून 'नोझल साफ करायचं औषध' टाकीत ओतलं होतं. मी शेजारी उभा होतो. सील काढून फेकायला हवं होतं, ते अर्धं फाडून तसंच ओतलं. दादा आजही म्हणतो, ती चकती गाडी घेतली तेव्हापासून आत असेल, आणि पंप बदलला म्हणून तर गाडी नंतर टिकली. दर गणपतीत आरतीनंतर हा वाद निघतो. वहिनीसुद्धा त्याच्याच बाजूने. तुम्ही त्रयस्थ आहात, तुम्हीच सांगा: चार वर्षं आत असलेली चकती नेमकी औषध ओतल्याच्या पुढच्याच महिन्यात कशी जागी झाली?

तर तुमच्या गाडीचं. वीस लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात गाळलेलं डिझेल. टाकीकडून फिल्टरला येणारी नळी सोडा आणि त्या जागी कॅनमधून नळी द्या, पारदर्शक. ही नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. डिझेलमध्ये लवकर कडक होते, चाचणीपुरती चालते. रिटर्न टाकीतच राहू द्या. कॅन घट्ट बांधा, नळी गरम भागापासून लांब ठेवा, माल भरा आणि तोच चढ चढा. गाडीने ओढलं तर पंप निर्दोष. दोष टाकी, जाळी, टाकीपासूनची नळी यांत कुठेतरी. नाही ओढलं तर फिल्टर नवा टाकून परत एकदा. नळीत बुडबुडे पळताना दिसले तर कॅनच्या बाजूचा सांधा आधी घट्ट करा, मग पुढचा शोध. टाकीचं झाकणही सैल करून बघा. त्याचं हवेचं भोक बुजलं तर टाकीत ओढ तयार होते आणि लक्षणं अगदी हीच. झाकण उघडताना 'फस्स' झालं की समजा.

हे सगळं करूनही प्रेशर पडत असेल तर नोझलचं रिटर्न, म्हणजे नोझलमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल, बघा: प्रत्येकाला एकेक बाटली, सारखा वेळ, जी बाटली बाकीच्यांपेक्षा भसाभस भरते तो नोझल. गरम झाल्यावर स्टार्टर खूप मारावा लागत असेल तर मी इथूनच सुरुवात करेन. सेन्सरची शंका असेल तर इंजिन पूर्ण थंड, चावी ऑन, स्टार्ट न करता आकडा बघा. शून्याच्या जवळ हवा. सिग्नलच्या वायरवर साधारण अर्धा व्होल्ट. तिथेच शंभर-दीडशे बार दिसत असतील तर सेन्सर किंवा वायरिंग आधी.

दोन-तीन गोष्टी वर लिहायच्या राहिल्या, आणि पहिली खरं तर सगळ्यात आधी यायला हवी होती. जुन्या गाड्यांत मिस्त्री इंजिन चालू ठेवून सतराच्या पान्याने नोझलचे नट सैल करायचे ना, ते कॉमन रेलवर कधीच करायचं नाही. लोडवर तिथे हजार-सोळाशे बार असतात. सुईएवढी धार कातडी फोडून बोटात शिरते, वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, आणि उशीर झाला तर बोट जातं. असं झालं तर घरी मलम लावत बसू नका, थेट ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. मी सांगितलेलं सोडायचं-जोडायचं काम टाकी ते फिल्टरमधलं आणि नोझलच्या कमी दाबाच्या रिटर्न नळ्यांचं, तेही इंजिन बंद करून.

दुसरं, टाकीतच इलेक्ट्रिक पंप असलेली गाडी असेल तर तोंडाने फुंकणं विसरा, आणि कॅनचा प्रयोगही तसाच चालेल असं नाही. तिथे लो प्रेशरचा गेज लावून कंपनीच्या आकड्याशी ताडून बघावं लागतं.

आणि तिसरं, पंप कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. फिल्टर कापून उघडा. कागदाच्या घड्यांत चांदीच्या भुकटीसारखी चमक दिसली तर पंप आतून झिजतोय. मग नुसता पंप बदलून भागत नाही, ती भुकटी रेल आणि नोझलपर्यंत गेलेली असते. पाणी शिरलेलं डिझेलही पंप खातं, कोकणात पावसाळ्यात हे नेहमीचं. पंप बदललातच तर जुना मागून घ्या, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. आमचा जुना पंप आज हातात असता तर पंप तपासायच्या टेस्ट बेंचवर लावून दादाच्या पुढ्यात आकडा ठेवला असता.

चकती मात्र मी जपून ठेवलीय, गाडीच्या आरसी बुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात. कॅन लावून चढ चढलात की इथे लिहा, मागितलं किती, मिळालं किती. आणि टाकी उतरवून आत काही निघालं तर फोटो नक्की टाका. गणपतीला तीन आठवडे आहेत.