आजोबांची वीस वर्षं पडून असलेली लाकडी लाँच पुन्हा पाण्यात आणता येईल का? की वरून फायबर मारून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की लाँच अठ्ठावीस फुटी आहे, वीस-बावीस वर्षं शेडमध्ये पडून आहे आणि मशीन जाम आहे. दुरुस्त होईल का, खर्च किती येईल, आणि गावातले म्हणतात तसं वरून फायबर मारलं, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन यांचा थर चढवला, तर चालेल का. पहिल्या दोन प्रश्नांना कुणीतरी उत्तर दिलंच असतं. तिसरा वाचला आणि राहवलं नाही.

फायबर मारू नका. फळ्यांच्या जुन्या बोटीवर तर अजिबात नको.

आमची लाँच दाभोळच्या खाडीतली. आजोबांनी १९६४ साली बांधून घेतली. सव्वीस फूट, सागवानी फळ्या, बाभळीच्या फासळ्या, मशीन डेन्मार्कचं बुख, दोन सिलिंडरचं. दाभोळहून वाशिष्ठी नदीतून वर चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जायची. माणसं, कौलं, आंब्याच्या पेट्या, लग्नाची वऱ्हाडं, सगळं तिच्यातून गेलं. रस्ते झाले, एसटी वाडीपर्यंत आली, तसे उतारू कमी होत गेले. बाबांनी शेवटची चार वर्षं पदरचे पैसे घालून चालवली आणि १९९६च्या पावसाळ्याआधी वर ओढली ती ओढलीच. २००३ला दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली, त्यानंतर घरात कुणी तिचा विषयही काढला नाही.

मी २०१४च्या मे महिन्यात शेडमध्ये शिरलो तेव्हा छपराची सहा कौलं सरकलेली होती. सहाच. त्यांच्याखाली, डाव्या अंगाला, आठ फळ्या आणि पाच फासळ्या संपलेल्या. बाकीची बोट ठणठणीत. ज्या सुतार चाचांनी पुढे माझ्याबरोबर काम केलं (त्यांच्या वडिलांनी आमची लाँच बांधली होती) ते हातोडीच्या दांड्याने नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, ठोकत ठोकत मागे गेले. चांगल्या फळीचा आवाज टणक येतो. त्या कौलांखाली आले आणि आवाज एकदम बसला, ओल्या गोणीवर मारावं तसा. मला म्हणाले, "बाळा, खारं पाणी लाकूड राखतं, गोडं पाणी खातं. हिला दर्याने नाय, पागोळीने मारलंय." कुजण्यापुरतं हे अक्षरशः खरं आहे. लाकूड कुजवणारी बुरशी पावसाच्या पाण्यावर पोसते, मिठाच्या पाण्यात तिचं फारसं चालत नाही. म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात बोट झापांनी नीट शाकारतात, नुसती वर ओढून सोडून देत नाहीत.

आता फायबरचं. आमची एक लहान होडीही होती, चौदा फुटी, लाँचपर्यंत माणसं नेणारी. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, वयाने मोठा आणि घरात त्याचा शब्द चालतो. २००९ साली त्याने त्या होडीला फायबर मारून घेतलं. गावात तेव्हा सगळेच मारत होते. मी नको म्हटलं होतं. "तू मुंबईत राहून आम्हाला होडी शिकवणार का" असं उत्तर मिळालं. पहिलं वर्षभर होडी नव्यासारखी दिसली, एक थेंब आत येत नव्हता, आणि दादा येईल-जाईल त्याला ती दाखवायचा. चौथ्या पावसाळ्यानंतर तळाला हाताच्या पंजाएवढा फुगा आला. मी ग्राइंडरने तो फुगा कापला. फायबर कागदासारखं सुटून हातात आलं आणि मागून काळं पाणी वाहिलं, शेणकुटासारख्या वासाचं. फळीत बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. खिळे होते त्या जागी नुसती तांबडी भोकं.

कारण सरळ आहे. फळी पाण्यात फुगते, उन्हात आकसते, फळ्यांच्या बोटीचं सगळं गणितच त्या फुगण्यावर बसवलेलं असतं. वर थापलेलं पॉलिएस्टर रेझिन हलत नाही, आणि लाकडावरची त्याची पकड मुळातच कमी. दोन-तीन वर्षांत ते कुठेतरी सुटतं. बोटीत आतून पाणी पडतच असतं, पावसाचं, ओल्या जाळ्याचं. ते फळीत मुरतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. लाकूड आणि फायबर यांच्या मधे गोड्या पाण्याची पिशवी तयार होते. आत लोखंडी खिळे गंजतात, गंजाने भोवतालचं लाकूड काळं पडून मऊ होतं, आणि बाहेरून रंग अगदी तुकतुकीत. बाहेरून काहीच दिसत नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा धोका. उघडी बोट गळायला लागते तेव्हा ती तुम्हाला सांगत असते. फायबरखालची बोट सांगत नाही.

दादा आजही म्हणतो की लाकूड आधीच कुजलेलं होतं, फायबरचा दोष नाही. त्याला माझ्याकडे उत्तर आहे आणि ते लाकडातच आहे. फायबर पाण्याच्या रेषेच्या वर वीतभरापर्यंतच मारलं होतं, त्याच्या वर नुसतं तेल. जिथे ते संपलं तिथली फळी मी दोन फूट लांबीची कापून ठेवली आहे. एकच फळी, एकच झाड, एकच वय. वरचा अर्धा भाग नखाने ओरखडत नाही, खालचा अर्धा भाग चिमटीत भुगा होतो. मधे सरळ रेघ, जिथे फायबरची कड होती. तो तुकडा घरी कपाटावर आहे, दादाने दोनदा हातात घेऊन पाहिला आहे.

म्हणून लाँचचं काम जुन्या पद्धतीनेच करायचं ठरवलं. तीन वर्षं लागली, कारण मी डोंबिवलीहून सुट्टी मिळेल तसा जायचो. चाचांचं वय सत्तरच्या पुढे, हाताखाली त्यांचा नातू. नऊ फळ्या बदलल्या (आठ दिसत होत्या, नववी उघडल्यावर कळली), सहा फासळ्या आणि बाहेरचे सगळे खिळे. खिळ्यांवर पैसे वाचवू नका. जस्त चढवलेले लोखंडी वापरा किंवा तांब्याचे, पण दोन्ही एकत्र नकोत. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड शेजारी आले की लोखंड झिजत जातं.

सांधे भरायचं काम मी स्वतः केलं, चाचांनी शिकवलं. कापसाची सैल वात तेलात भिजवायची, बोथट छिन्नीने सांध्यात बसवायची, वरून राळ आणि तेल उकळून केलेलं लुकण. इथे नवखा माणूस एक चूक हमखास करतो आणि मीही केली. वीस वर्षं सुकलेल्या फळ्यांमधल्या फटी मोठ्या दिसतात, मन म्हणतं कापूस दाबून भर. मी पहिल्या दिवशी सहा फूट सांधा असा गच्च ठोकला. चाचांनी काही न बोलता हुकाने सगळा कापूस उपसून काढला आणि म्हणाले, "लाकूड फुगल तवा जाल खय?" पाण्यात गेल्यावर फळी फुगते, तिला जागा राहिली नाही तर ती फासळीवरचे खिळे उपटते किंवा फासळीच मोडते. वात बसली पाहिजे, ठासली जाता कामा नये. तो हाताचा अंदाज मला यायला दोन महिने लागले.

मशीनबद्दल थोडक्यात. जाम मशीनला लांब पाइप लावून हिसका देऊ नका, कनेक्टिंग रॉड वाकेल. इंजेक्टर काढून सिलिंडरमध्ये रॉकेल आणि डिझेल समसमान ओता, डिकॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) उघडं ठेवा आणि रोज फ्लायव्हील हाताने मागेपुढे हलवून बघा. आमचं सतराव्या दिवशी सुटलं. त्यानंतर इंजेक्टर आणि पंप डिझेलवाल्याकडे तपासून घ्या, आणि पाणी फिरतं त्या पोकळ्यांमधला मिठाचा थर काढा. तो राहिला तर मशीन गरम होणारच. मशीनपासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या शाफ्टची ओळ मात्र बोट पाण्यात टेकल्यावर आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासा. जमिनीवर कितीही अचूक लावली तरी पाण्यात बोटीचा आकार बदलतो. मशीन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन फ्लँजमधली (गोल चकत्यांमधली) फट फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, चारी बाजूंनी बघायची. चार इंची फ्लँजला चार थाउपेक्षा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त फरक नको, नाहीतर ग्लँड (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा भाग) गळेल आणि मशीनचे पाय हलतील.

खर्च. माझे सगळे मिळून चार लाख साठ हजार गेले, २०१७पर्यंत. त्यातले निम्म्याहून जास्त लाकडाचे, सागवान आता सोन्याच्या भावाने मिळतं. माझी स्वतःची मजुरी धरलेली नाही. दादाने गावभर सांगितलं की एवढ्यात फायबरची नवी कोरी आली असती, भावनेपायी पैसे पाण्यात घातले. सव्वीस फुटी फायबरची बोट, तिला मशीन, शाफ्ट, पंखा, हे सगळं धरून त्याने आकडा मांडावा असं मी त्याला तेव्हाच सांगितलं. त्याने अजून मांडलेला नाही. आणि भावना होती, हे मी नाकारत नाही. ज्या लाँचच्या पाठीमागच्या फळीवर बसून मी शाळेत गेलो ती शेडमध्ये माती होताना बघायची माझी तयारी नव्हती. त्यासाठी पैसे लागले तर लागले.

२०१७च्या नोव्हेंबरात, पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला ती उतरवली. आधी आठ दिवस आतून ओली गोणपाटं अंथरून खाडीचं पाणी मारत होतो. तरी पहिल्या रात्री ती चाळणीसारखी गळली. दोन पंप लावले होते, मी आणि चाचांचा नातू रात्रभर आळीपाळीने बसलो. दादा जेटीवर येऊन बघून गेला. दुसऱ्या दिवशी एक पंप पुरला. चौथ्या दिवशी सकाळी मी फळी उचलून आत बॅटरी मारली तेव्हा तळाला ओंजळभर पाणी होतं, त्यात कापसाचा एक धागा तरंगत होता. चाचा जेटीवरूनच ओरडले, "मिटली का?" मिटली होती.

त्यानंतर दादा तिच्यातून तीनदा गोवळकोटला गेला आहे. फायबरचा विषय त्याने लाँचमध्ये बसून काढलेला नाही. घरी काढतो.

आता हे आधी लिहायला हवं होतं ते. पठाण, म्हणजे बोटीच्या तळाचा लांब कणा, आधी तपासा. पठाण दोन्ही टोकांना खाली बसून मधे कमान झाली असेल, किंवा पेचकस तिच्यात सहज घुसत असेल, तर माझं वरचं सगळं विसरा. ती बोट नव्याने बांधण्यासारखी आहे आणि तेवढा खर्च करायचा की नाही हे घरच्यांना विचारून ठरवा. पाण्याच्या रेषेखालच्या फळ्यांना टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर तीही खोलून बघा. टेरेडो, म्हणजे लाकूड पोखरणारा खाऱ्या पाण्यातला जीव, आत शिरतो तेव्हा बारीक असतो, आतच वाढतो, आणि बाहेरून साबूत दिसणारी फळी आतून मधाच्या पोळ्यासारखी झालेली असते. फायबरबद्दल मी बोललो ते फळ्यांच्या जुन्या बोटीबद्दल. नव्या प्लायवूडच्या बोटीला सगळ्या बाजूंनी एपॉक्सी रेझिन लावून बांधतात ती वेगळी गोष्ट आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. चांगला जाणता सुतार मिळत नसेल तर सुरुवातच करू नका. चाचा आता नाहीत, त्यांचा नातू कतारला असतो, आज मला हेच काम पुन्हा करायचं झालं तर कुणाकडे जाऊ हे मलाही शोधावं लागेल. आणि उतारू घेणार असाल तर मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात नोंदणी आणि पाहणीचं आधी विचारून घ्या, बोट तयार झाल्यावर नको.

हे सगळं नंतर. या आठवड्यात फक्त शिडी लावून शेडचं छप्पर बघा आणि सरकलेली कौलं बसवा. तोवर बोटीवर ताडपत्री टाकायची असेल तर मधे वासा घालून उंच टाका आणि दोन्ही टोकं उघडी ठेवा, वारा खेळू दे. घट्ट गुंडाळलीत तर आतल्या घामानेच ती कुजायला लागेल. पठाणीच्या दोन्ही टोकांचे जवळून काढलेले फोटो टाका, मी बघून सांगतो.