‘लुसोरिया’ म्हणजे विकृती का?

प्रश्न असा: वडिलांच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘आर्टेरिया लुसोरिया’ असं लिहून आलं, ओळखीतल्या एकाने त्याचं मराठी ‘रक्तवाहिनीची विकृती’ असं करून दिलं आणि घरात सगळे धास्तावले. हे मराठी बरोबर आहे का?

मला तरी ते पटत नाही. हृदयातून निघालेली महारोहिणी, म्हणजे मुख्य रक्तवाहिनी, कमानीसारखी वळते आणि त्या कमानीवर बहुतेकांना तीन फांद्या असतात. उजव्या हाताची रोहिणी त्यांतल्या पहिल्या फांदीतून फुटते. शंभरातल्या साधारण एकाच्या शरीरात मात्र ती स्वतंत्रपणे, सगळ्यात शेवटी, डावीकडून निघते आणि उजवा हात गाठायला बहुधा अन्ननलिकेच्या मागून आडवी जाते. हीच ‘आर्टेरिया लुसोरिया’. पुष्कळांना जन्मभर याचा पत्ता नसतो. क्वचित अन्ननलिका दाबली जाऊन घास अडकतो.

घास अडकणारी अशी एक रुग्ण इंग्लंडच्या डेव्हिड बेफर्डने पाहिली. कारण कळलं ते शवविच्छेदनात. १७९४ साली छापलेल्या वृत्तांतात त्याने या प्रकाराला लॅटिनमध्ये ‘लुसुस नातुरे’ म्हटलं, म्हणजे निसर्गाचा खेळ, थट्टा. ‘लुसोरिया’ त्यातलाच.

आता ‘विकृती’. मुळात हा शब्द गरीब आहे: रूप बदलणं, एवढंच. व्याकरणात नाम-सर्वनामांना आपण ‘विकारी’ म्हणतो तेव्हा कुणी दचकत नाही. पण आजच्या मराठीत ‘विकृत’ म्हटलं की गुन्ह्याची बातमीच आठवते. रिपोर्टात तो नको. मी ‘आडवाटेची रोहिणी’ म्हणेन. ‘रोहिणी’ जुनाट वाटली तर ‘धमनी’. ‘शीर’ मात्र टाळा. मराठीत मान आखडली तरी शीरच आखडते!

जुने शब्द उकरायचाही मोह नको. सुश्रुताने कंठनाडीच्या दोन्ही बाजूंच्या चार धमन्यांना ‘नीला’ आणि ‘मन्या’ म्हटलंय. आपल्या पुस्तकांत नीला म्हणजे अशुद्ध रक्ताची वाहिनी. गोंधळच व्हायचा. या नीला-मन्यांना इजा झाली तर मुकेपण येतं, स्वर बिघडतो, असंही सुश्रुत सांगतो.

स्वरावरून आठवलं. ही रोहिणी आडवाटेने गेलेली असली की स्वरयंत्राचा उजवा मज्जातंतू नेहमीसारखा खाली जाऊन वळून येत नाही, थेट जातो. वडिलांचं थायरॉइडचं ऑपरेशन कधी करायचं झालं, तर त्या मज्जातंतूला धक्का लागू नये म्हणून हा रिपोर्ट सर्जनला आधी दाखवा. तिथे मराठी शब्द कुठलाही चालेल.