सहा-सात सर्व्हर आहेत, त्यांच्यावर लक्ष ठेवायला नागिओस लावू की प्रोमिथियस?

सर्व्हर इतकेच आणि बघणारे तुम्ही एकटे असाल, तर दोन्ही सोडून झॅबिक्स लावा, तेही असंच लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर. आलेख, इशारे, जुनी नोंद सगळं एकाच ठिकाणी मिळतं. नागिओस १९९९ पासूनचं, भरवशाचं. पण बरंच काही फाइलींत हाताने लिहावं लागतं. प्रोमिथियस खरं कामाचं जिथे कंटेनर (प्रोग्राम वेगवेगळे चालवायचे छोटे कप्पे) सतत येत-जात असतात तिथे.

काहीही लावा, नुसत्या पिंगवर (सर्व्हर नेटवर्कवर उत्तर देतो का, एवढंच बघणं) विसंबू नका. आमच्याकडे एकदा पिंग हिरवागार होता आणि डिस्क गच्च भरल्यामुळे लॉगिन रात्रभर बंद. सकाळी फोन आले तेव्हा कळलं. तेव्हापासून दर मिनिटाला लॉगिन खरोखर करून बघणारी तपासणी लावली आहे. डिस्कचा इशारा ८० टक्क्यांवर ठेवा, आवरायला वेळ मिळतो. आणि झॅबिक्स वेगळ्या मशीनवरच टाका.